अनुत्तरदायी सल्ला

जगाचा कारभार कोण चालवितो, या प्रश्नास दोन सोपीं उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. एक असें कीं, लोकांनीं निवडलेलीं सरकारें तो चालवितात; दुसरें असें कीं, पडद्याआड बसलेले मूठभर धनाढ्य तो चालवितात. आमच्या मतें दोहोंतही विचार करण्याचा आळस आहे.

बिल्डरबर्ग सभेचेंच उदाहरण घेऊं. १९५४ च्या मे महिन्यांत हॉलंडमधील ऊस्टरबेक येथें बिल्डरबर्ग नांवाच्या हॉटेलांत युरोप-अमेरिकेंतील मुत्सद्दी, पेढीवाले व कारखानदार राजपुत्र बर्नहार्ड यांच्या अध्यक्षतेखालीं एकत्र जमले. तेव्हांपासून ही सभा बहुधा दरवर्षीं भरत आली आहे. सुमारें १३० माणसें येतात. ठराव होत नाहींत, मतें घेतलीं जात नाहींत, आणि कोण काय बोलला हें बाहेर सांगावयाचें नाहीं असा दंडक असतो. ठरावच नाहीं तेथें कट कसला, असें तिचे कैवारी विचारतात. त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. स्वतःची चूक कबूल करावयास माणसास थोडा आडोसा लागतोच.

आमची शंका निराळी आहे. दोनतीन दिवस एका पंगतीस बसलेल्यांस एकमेकांचें म्हणणें स्वाभाविक वाटूं लागतें. मग कोणता प्रश्न निकडीचा व कोणता उपाय व्यवहार्य, हें कायदेमंडळांत चर्चा होण्यापूर्वींच मनांत ठरून जातें. डेव्हिड रॉकफेलर यांच्या पुढाकारानें १९७३ त ट्रायलॅटरल कमिशन स्थापन झालें. त्याचे एक सभासद जिमी कार्टर १९७७ त अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचे उपाध्यक्ष, परराष्ट्रमंत्री व राष्ट्रीय सुरक्षेचे सल्लागारही त्याच मंडळांतून आलेले होते. हा कट नव्हे. ही ओळख होय. परंतु ज्यांची ओळख नाहीं, त्यांचें काय? त्यांचें म्हणणें कोणीं दाबलें नाहीं. तें कानींच पडलें नाहीं.

१९७६ सालीं लॉकहीड विमान कंपनीच्या लांच-प्रकरणांत बर्नहार्ड यांचें नांव आलें व त्या वर्षीं सभा रहित झाली. लांच घेतल्यास चौकशी होते; चुकीच्या सल्ल्याची कोणीं करावी? सल्ला देणारा अनामिक राहतो, आणि परिणाम भोगणाऱ्यास कोणाकडे बोट दाखवावें हेंही कळत नाहीं.

म्हणून अशा बैठकी बंद कराव्या असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र तेथें जाणाऱ्या मंत्र्यानें आपण काय ऐकलें व त्यामुळें आपलें कोणतें मत बदललें, एवढें आपल्या कायदेमंडळास सांगावें. हें लिहितांना आम्हांसही थोडें ओशाळें वाटतें. कारण आमच्या शिक्षकमंडळाचे कित्येक निर्णय सभेपूर्वीं कोणाच्या तरी दिवाणखान्यांत चहा घेतांना झालेले आहेत, आणि तेथें आम्हीही होतों.