शत्रूच्या पराजयाचा आनंद

खेळात आपला पक्ष जिंकला असता मनुष्यास आनंद होतो, ह्यात नवल नाही व पापही नाही. परंतु त्या आनंदात पुष्कळदा दुसरा एक आनंद मिसळलेला असतो. तो म्हणजे समोरचा पक्ष पडला, त्याची मान खाली गेली, ह्याचा. हे दोन्ही आनंद वरून दिसावयास सारखेच असतात. दोहोंतही लोक नाचतात, गुलाल उधळतात, फटाके वाजवितात. तथापि त्यांचे मूळ एकच आहे काय, आणि दुसऱ्या प्रकारच्या आनंदात ख्रिस्ती मनुष्याने भागी व्हावे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. तो केवळ खेळापुरता नाही, हे वाचकांस पुढे दिसून येईल. विवेचनासाठी आम्ही युरोप खंडात घडलेले एक उदाहरण घेतो.

सतराव्या शतकात आपल्या कोकणात वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती ते डच लोक नेदर्लंड्स नावाच्या लहानशा देशात राहतात. त्यांच्या पूर्वेस जर्मनी हा मोठा व बलाढ्य शेजारी आहे. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्याने ह्या देशावर स्वारी केली, १४ मे रोजी रॉटरडॅम शहरावर बाँब टाकून त्याचा मध्यभाग बेचिराख केला, आणि पुढे पाच वर्षे तेथे अंमल चालविला. त्या काळात तेथील एक लाखाहून अधिक यहूदी स्त्रीपुरुषांस व मुलांस धरून नेऊन ठार मारण्यात आले. १९४४ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडील शहरांत असा दुष्काळ पडला की, लोकांनी ट्युलिप नावाच्या फुलझाडाचे कंद उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे उपासमारीने व थंडीने मेली. शिवाय जर्मन शिपायांनी लोकांच्या सायकली सक्तीने काढून नेल्या. सायकल ही लहान वस्तू आहे असे कोणी म्हणेल. परंतु त्या सपाट देशात गरिबाचे पाय म्हणजे त्याची सायकल. मोठी दुःखे मनुष्य बोलून दाखवीत नाही. लहान नुकसान मात्र बोलून दाखवितो, व त्यातच मोठ्या दुःखाची आठवण साठवून ठेवितो.

युद्ध १९४५ साली संपले. पुढे १९७४ साली जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या अखेरच्या सामन्यात हे दोन देश जर्मनीतील म्युनिक शहरी समोरासमोर आले. पहिला गोल डचांनी केला, तरी शेवटी जर्मनांनी दोन विरुद्ध एक अशी बाजी मारिली. हा पराजय डच लोकांच्या मनास फार लागला. त्यानंतर चौदा वर्षांनी, २१ जून १९८८ रोजी, युरोपातील राष्ट्रांच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यासाठी ते हँबुर्ग येथे पुन्हा भेटले. पहिला गोल जर्मनांचा झाला. मग डचांनी बरोबरी केली. आणि खेळ संपावयास एक-दोन मिनिटे उरली असता व्हान बास्टन नावाच्या तरुणाने दुसरा गोल करून सामना जिंकून दिला.

त्या रात्री नेदर्लंड्समध्ये जे झाले त्याचे वृत्तांत आजही सांगितले जातात. देशातील निम्म्याहून अधिक लोक घराबाहेर पडले असे म्हणतात. ॲम्स्टरडॅमच्या चौकात लोकांनी सायकली हवेत उडविल्या, आणि आमच्या सायकली आम्हांस परत मिळाल्या, अशी आरोळी उठली. पाठोपाठ अंतिम सामन्यात ह्याच संघाने सोव्हिएत रशियास हरवून स्पर्धा जिंकिली. तरी जर्मनांवरील विजयाचा आनंद त्याहून मोठा होता, असे पुष्कळ डच लोक स्वतःच सांगतात. हँबुर्गच्या मैदानावर मात्र आणखी एक गोष्ट घडली. सामना संपल्यावर दोन्ही पक्षांचे खेळाडू सलोख्याची खूण म्हणून आपापले सदरे बदलतात अशी रीत आहे. रोनाल्ड कूमन ह्या डच खेळाडूने ओलाफ टोन ह्या जर्मन खेळाडूचा सदरा घेतला, आणि आपल्या लोकांसमोर जाऊन त्या सदऱ्याने आपला पार्श्वभाग पुसल्याचा आविर्भाव केला.

आता ह्या लोकांस दोष देणे सोपे आहे. परंतु घाई करू नये. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांचे दुःख खोटे नव्हते. ज्याच्या घरचे मूल उपासाने मेले नाही, त्याने उपाशी मेलेल्यांच्या आप्तांस क्षमेचा उपदेश करण्यापूर्वी थोडे थांबावे. दुसरे असे की, त्या रात्री कोणी कोणावर बंदूक झाडिली नाही. राष्ट्रांनी आपले वैर चेंडूवर काढावे हे तोफेवर काढण्यापेक्षा शतपट बरे. तिसरे असे की, पवित्र शास्त्रातही शत्रूच्या नाशानंतर गाइलेले गीत आहे. इस्राएल लोक तांबड्या समुद्रातून पार झाले व फारोचे सैन्य बुडाले, तेव्हा मिर्यामेने डफ हाती घेतला व स्त्रिया तिच्यामागून नाचत निघाल्या. मग डच लोकांनीच तेवढे गप्प राहावे काय?

ह्या तिन्ही गोष्टी आम्ही खऱ्या मानतो. तरीदेखील त्या आनंदाविषयी तीन प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

पहिला प्रश्न हा की, तो अपमान पडला कोणावर? ओलाफ टोनचा जन्म १९६६ सालचा. रॉटरडॅम जळाले तेव्हा तो नव्हता, व त्याने कोणाची सायकल नेली नव्हती. किंबहुना त्या सायंकाळी मैदानावर धावणाऱ्या बावीस जणांपैकी एकही युद्ध संपण्यापूर्वी जन्मलेला नव्हता. म्हणजे अपराध एकाचा व लाज दुसऱ्यास. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात देवाने आपल्या लोकांस नेमके हेच शिकविले आहे की, बापाच्या अधर्माचा भार पुत्राच्या माथी मारू नये. पितरांचे ऋण फेडावयाचे असते हे खरे; पण ते कोणाकडून वसूल करावयाचे ह्याला काही मर्यादा आहे.

दुसरा प्रश्न हा की, त्या आनंदाने अन्यायाचे परिमार्जन झाले काय? एकही सायकल परत आली नाही. न्याय हवा असेल तर तो न्यायसभेत साक्षीपुराव्याने, सत्य लिहून ठेवण्याने, आणि अपराध्याने आपला अपराध कबूल करण्याने होतो. खेळातील विजय हा न्यायाचा केवळ आभास आहे. त्याने घटकाभर मन निवते. पण जखम बरी झाली असे समजून मनुष्य खऱ्या औषधाकडे दुर्लक्ष करितो.

तिसरा प्रश्न हा की, आनंद करणाऱ्याचे पुढे काय झाले? वैर एका विजयाने फिटत असते, तर १९८८ नंतर ते शांत झाले असते. परंतु दोनच वर्षांनी, १९९० साली इटलीतील मिलान शहरी हे संघ पुन्हा भेटले, तेव्हा फ्रँक रायकार्ड हा डच खेळाडू रूडी फोलर ह्या जर्मन खेळाडूवर थुंकला, आणि पंचांनी दोघांसही मैदानाबाहेर काढिले. ह्याचे कारण त्या क्षणीचा राग होता, जुने युद्ध नव्हे, असे म्हणता येईल. तथापि जेथे तुच्छतेस टाळ्या मिळतात, तेथे राग कोणत्या थराला जाईल हे सांगवत नाही. ह्याच दोघांनी पुढे समेट केला व लोण्याच्या एका जाहिरातीत ते मजेने एकत्र झळकले, हे सांगावयास आम्हांस संतोष वाटतो. जे चौकातील आरोळीने झाले नाही, ते दोन माणसे एकमेकांस सामोरी गेल्याने झाले.

राहिला मिर्यामेच्या गीताचा आक्षेप. ते गीत सुटलेल्या दासांचे होते. पाठीशी रथ व पुढे पाणी, अशा संकटातून देवाने वाचविले म्हणून ते गाइले गेले; तो तारणाचा आनंद होता. परंतु तेच शास्त्र इतरत्र निराळा धडाही देते. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायात शत्रूच्या पतनाने हर्ष करण्याविषयी स्पष्ट मनाई आहे, व असा हर्ष परमेश्वरास आवडत नाही असे कारणही दिले आहे. यरुशलेमेचा नाश झाला तेव्हा तिचा शेजारी अदोम उभा राहून आनंद करीत होता. त्याबद्दल ओबद्याने त्याची खरडपट्टी काढिली आहे. आणि दावीद पाहा. शौल राजाने वर्षानुवर्षे त्याचा जीव घेण्यासाठी रानोमाळ पाठलाग केला. तो शौल लढाईत पडला अशी बातमी आली, तेव्हा दाविदाचा मार्ग मोकळा झाला होता. तरी त्याने आपली वस्त्रे फाडिली, सायंकाळपर्यंत उपास केला, व शौलासाठी विलापगीत रचिले. दाविदाने शौलाचा अन्याय नाकारिला नाही. पण त्याच्या मरणावर मेजवानीही केली नाही.

ह्याच डच राष्ट्रात दाविदाच्या मनोवृत्तीची एक स्त्री होऊन गेली. कोरी टेन बूम ही हार्लेम गावच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका ख्रिस्ती गृहस्थाची कन्या. ह्या कुटुंबाने यहूदी लोकांस आपल्या घरात लपविले, म्हणून १९४४ साली त्यांस कैद झाली. वृद्ध पिता थोड्याच दिवसांत तुरुंगात वारला, आणि बहीण बेट्सी ही राव्हेन्सब्रुक येथील छळछावणीत मेली. युद्धानंतर १९४७ साली कोरी म्युनिक शहरी एका मंदिरात देवाच्या क्षमेविषयी बोलत होती. सभा संपल्यावर एक मनुष्य हात पुढे करून तिच्याकडे आला. तो त्याच छावणीतील पहारेकरी होता, हे तिने तत्काळ ओळखिले. तिने पुढे स्वतः सांगितले आहे की, त्या क्षणी तिच्या अंतःकरणात प्रेमाचा लेशही नव्हता; तिने मनात येशूची मदत मागितली, नेट करून आपला हात पुढे केला, आणि मग देवाने तिला क्षमा करण्याचे सामर्थ्य दिले. ज्या म्युनिकमध्ये सत्तावीस वर्षांनी तिचे राष्ट्र खेळात हरले, त्याच नगरात तिला हा जय मिळाला. तिने काही घडलेच नाही असे म्हटले नाही. छावणीत काय झाले ते ती पुढे देशोदेशी सांगत राहिली. म्हणजे आठवण ठेवणे व सूड धरणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

प्रिय वाचकहो, हे आपल्या घरचे आहे. आपल्या मंडळ्यांत असे एखादे कुटुंब क्वचितच असेल की, ज्याच्या आजोबांस गावच्या विहिरीवर पाणी नाकारिले नाही, किंवा ज्याच्या आजीच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतिले नाही. आज ज्या घराने हे केले त्याचा वाडा पडला, शेत विकले गेले, त्या घरचा मुलगा निवडणुकीत हरला, अशी वार्ता कानी येते. आणि बरी जिरली, हे शब्द ओठांवर येतात. अशा वेळी डच लोकांची रात्र आठवावी. आपला हक्क मिळविण्यासाठी कचेरीत अर्ज करणे, न्यायालयात उभे राहणे, व हक्क मिळाल्यावर देवाचे उपकार मानून आनंद करणे हे योग्यच आहे. त्यात कोणी लाजू नये. क्षमेच्या नावाखाली अन्यायापुढे मान तुकविण्याचा उपदेश आम्ही करीत नाही. परंतु निकाल लागल्यावर वाजंत्री मुद्दाम त्याच दारावरून नेणे, हे न्यायाचे काम नव्हे. त्या दाराआड कदाचित असे एक मूल बसले असेल, ज्याने आपले काही वाईट केले नाही.

भारत व पाकिस्तान ह्यांच्या क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशीही हीच सावधगिरी हवी. आपल्या देशाचा संघ जिंकला तर अवश्य आनंद करावा. परंतु फटाक्यांची माळ मुसलमान शेजाऱ्याच्या अंगणाशी नेऊन लावण्याचे कारण काय? तो ह्याच मातीत जन्मला, ह्याच पारावर बसतो. त्याच्या दाराशी केलेला गलबला देशप्रीती नसून निरपराध्याच्या माथी परक्याचे ऋण मारणे आहे. आणि ज्यांस स्वतः कितीदा परके ठरविण्यात आले, त्या आपण तरी हे करू नये.

आनंदाची परीक्षा करण्यास एक साधा उपाय आहे. प्रतिस्पर्धी दुःखी नसता, तर माझा आनंद तितकाच राहिला असता काय? तो हरलेला मनुष्य आता येथे आला, तर मला हेच शब्द त्याच्या तोंडावर बोलवतील काय? आणि त्याच्यासाठी आज रात्री मी प्रार्थना करू शकेन काय? ह्यांची उत्तरे होय अशी आली, तर खुशाल डफ वाजवावा. नाही अशी आली, तर डफ खाली ठेवून आधी गुडघे टेकावे. ज्या प्रभूने आम्ही वैरी असतानाच आम्हांसाठी प्राण दिला, त्याने आमच्या पतनाचा आनंद केला असता, तर आज आमच्यापैकी कोण उभा राहिला असता?