दुबईला निघताना

उल्हासनगर कॅम्प ५ मधून कुणी दुबईला निघालं की बॅगेत घरच्या फराळाचा डबा आग्रहाने ठेवला जातो. त्यातल्या अनारशांना लावलेल्या खसखशीला मात्र संयुक्त अरब अमिरातीत बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. घरच्या फराळात कसला आलाय गुन्हा, असं कुणी म्हणेल. पण विमानतळावर डब्यामागची माया तपासता येत नाही, दाणे दिसतात. परक्यांचे नियम पाळले की आपलेपण जातं, हेही खरं नाही. फाळणीनंतर इथल्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी मराठी मुलखाशी जुळवून घेतलं, तरी आपला चेटीचंडचा सण सोडला नाही. तेव्हा अनारसे इथेच खाऊन निघावं, काही औषधांना तिथे आधी परवानगी लागते ती काढावी, आणि अनोळखी माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.