आधी स्पर्श

मार्काच्या शुभवर्तमानात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. येशूला त्याचा कळवळा येतो. तो हात पुढे करून त्याला शिवतो आणि मग बरे करतो. ज्याला गावाबाहेर राहावे लागे, त्याला माणसाचा स्पर्श आरोग्याआधी मिळाला.

सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना होते, ती या करुणेच्या भरवशावर.

मग श्रद्धा असेल तर डॉक्टर कशाला? या प्रश्नाचे उत्तर मिरजेत सापडते. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आणि प्रार्थना या एकाच सेवेच्या दोन बाजू होत्या. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठीही रुग्णालय झाले.

प्रार्थनेनंतरही काही रुग्ण दगावतात. त्यांची श्रद्धा कमी पडली, असे म्हणणे क्रूर आहे. योहानाच्या शुभवर्तमानातला येशूही आपला मित्र लाजर याच्या थडग्याकडे जाताना रडला होता.

म्हणून आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, त्याचा हात हातात घ्यावा. पण त्याची औषधे बंद करू नयेत. कुष्ठरोग आता बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यांत हे उपचार मोफत मिळतात.