ताडून पाहता येईल असे

शाळेत निबंधाचे प्रकार आम्हाला पाठ असत : वर्णनात्मक, आत्मवृत्तात्मक, कल्पनाप्रधान, वैचारिक. पावसाळ्यातला एक दिवस, पडक्या किल्ल्याचे मनोगत, सूर्य उगवला नाही तर. त्या लेखनाने मला पुष्कळ दिले. वाक्य तोलून कसे लिहावे, शब्द कसा निवडावा, पहिल्या ओळीतच वाचणाऱ्याला कसे धरून ठेवावे, हे तिथेच उमगले. मात्र त्या निबंधाला 'हे कशावरून?' असे कोणी विचारत नसे. किल्ल्याच्या मनोगताला पुरावा लागत नाही. वैचारिक म्हणवणाऱ्या निबंधातही 'वृक्षतोड : एक समस्या' या विषयावर झाडे तोडणाऱ्याची बाजू कधी येत नसे. निष्कर्ष सर्वांना आधीच ठाऊक असे आणि तो चांगल्या भाषेत सांगणे एवढेच आमचे काम असे.

बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा लेखनाला शिस्त आली. 1857 चा उठाव असो की फ्रेंच राज्यक्रांती, कारणे राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक आणि शेवटी तात्कालिक अशा क्रमाने मांडायची. प्रत्येक मुद्द्याला शीर्षक, शीर्षकाखाली रेघ, खाली चार-पाच ओळी. तीन तासांत पाच उत्तरे लिहायची असतील तर ही पद्धत उपयोगाची आहे. पण सगळी कारणे एका रांगेत उभी केली की ती सारख्याच वजनाची दिसू लागतात. कोणते कारण मुळाशी होते, एका कारणातून दुसरे कसे निघाले, एखादे नसते तरी ती घटना घडली असती का, हे प्रश्न यादीत मावत नाहीत. ते विचारायला सुरुवात केली की यादी मोडते आणि युक्तिवाद सुरू होतो.

माझ्यापुरता तो सुरू झाला एम.ए.ला, 1875 च्या दख्खनच्या दंग्यांवर दीर्घ निबंध लिहिताना. घटना महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेकांना ऐकून माहीत असते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासचे शेतकरी जमले, त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जखते मागितली आणि ती जाळली. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत पोचले. पार्श्वभूमीही पुस्तकांतून वाचलेली असते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून इकडच्या कापसाला भाव आला आणि शेतकऱ्याला हवे तेवढे कर्ज मिळू लागले. युद्ध संपले, भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला. नेमक्या त्याच सुमारास रयतवारीची तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा काही ठिकाणी 50 ते 100 टक्क्यांनी वाढला.

एवढे लिहून झाले की निबंध पूर्ण झाला, असे बी.ए.च्या पद्धतीने म्हणता आले असते. कच्चा मसुदा वाचून आमच्या मॅडमनी समासात एकच प्रश्न लिहिला : 'हे तुझ्याआधी कोणी वेगळे सांगितले आहे का?' त्या प्रश्नाने माझ्या वाचनाची दिशा बदलली. तोवर मी पुस्तके माहितीसाठी वाचत होते. आता ती एकमेकांना काय उत्तर देतात हे पाहू लागले.

रविंदर कुमार यांचे एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम भारतावरचे पुस्तक 1968 चे. ब्रिटिशांची महसूलपद्धत आणि न्यायालये यांमुळे गावातले जुने संबंध कसे उसवले, कुणबी आणि वाणी यांच्यातला तोल कसा गेला, हे त्यात सांगितले आहे. दंगे म्हणजे त्या खोल बदलाला फुटलेले तोंड. त्यानंतर चारच वर्षांनी, 1972 मध्ये, नील चार्ल्सवर्थ यांनी एक लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच या दंग्यांना दंतकथा म्हटले. दंगे थोड्या गावांत झाले, हिंसा फारशी झाली नाही आणि त्यांचे महत्त्व नंतरच्या लोकांनी फुगवले, असे त्यांचे म्हणणे. दोघेही त्याच काळाबद्दल आणि त्याच गावांबद्दल लिहीत होते. एकाला जिथे समाजाची घडी मोडलेली दिसली, तिथे दुसऱ्याला मर्यादित, स्थानिक गडबड दिसली.

मतभेद असतो हे काही नवे ज्ञान नव्हते. नवे हे होते की मतभेदाच्या आत शिरल्याशिवाय मला लिहिण्याजोगे काही सापडतच नव्हते. दोघांचीही बाजू थोडी थोडी बरोबर आहे, असे लिहून सुटता येत नव्हते, कारण लगेच पुढचा प्रश्न येई : कोणती बाजू, कशात बरोबर? हिंसा किती झाली हा एक प्रश्न. शेतकऱ्यांनी नेमके काय जाळले हा वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर 'थोडी' असले तरी दुसऱ्याचे उत्तर त्याने क्षुल्लक ठरत नाही. चार्ल्सवर्थ यांच्या मोजमापाला मान देऊनही, जाळण्यासाठी कागदच का निवडले गेले हा प्रश्न शिल्लक राहतो. माझ्या निबंधाला मुख्य विधान मिळाले ते या फटीत. दोन अभ्यासकांनी अत्यंत काळजीपूर्वक विचार केला नसता तर मला तो प्रश्न सुचलाच नसता, म्हणून त्या विधानावर त्यांचाही हक्क आहे असे मी मानते.

मग साधनांकडे वळले. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. साक्षी, तक्ते, अधिकाऱ्यांचे जबाब यांनी तो भरलेला आहे. सरकारी सारा हे दंग्यांचे कारण होते का, हे पाहण्याचे काम आयोगाकडे होते आणि आयोगाने उत्तर दिले की नव्हते, दोष सावकाराचा. पुण्याच्या सार्वजनिक सभेचा रोख मात्र साऱ्याच्या बोज्यावर होता. 1883 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा सरकारी खाती आणि त्यांतले कर्मचारी शेतकऱ्याला कसे नाडतात, याची त्यांनी तपशीलवार मांडणी केली. एकाच दुःखाचे कारण सांगताना प्रत्येकाचे बोट वेगळ्या दिशेला जाते आणि बोट दाखवणारा कुठे उभा आहे यावर ती दिशा पुष्कळदा अवलंबून असते. याचा अर्थ अहवाल टाकून द्यायचा असा नाही. त्यातले आकडे आणि अर्ज दुसरीकडे मिळणार नाहीत. अहवाल काय सांगतो, तो कोणी आणि का लिहिला, हे दोन्ही एकाच परिच्छेदात धरून ठेवणे ही लेखनातली सर्वांत कष्टाची गोष्ट आहे आणि ती एखाद्या व्याख्यानातून शिकता येत नाही. वाक्य पुन्हा पुन्हा लिहूनच ती येते.

दुसऱ्याच्या मतावर टीका कशी करावी याचा धडा मात्र मला इतिहासाच्या वाचनयादीबाहेरच्या एका निबंधाने दिला. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'मध्ये छापून आला. विद्यार्थ्याने वर्गासाठी लिहिलेला निबंध म्हणून तो वाचावा, अशी माझी प्रत्येक सोबत्याला विनंती आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या ते आधी वाचकापुढे ठेवतात आणि मग एकेक तपासतात. यातले केतकर म्हणजे पुढे मराठीत ज्ञानकोश घडवणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. जातिसंस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1909 चा. बाबासाहेब त्यांच्या चिकित्सक दृष्टीचे आणि मोकळ्या मनाचे आधी मोल करतात. जातीचे सभासदत्व जन्माने मिळणे आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असणे ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे ते विचारात घेतात आणि दाखवून देतात की ती दोन नाहीतच. लग्नाची बंदी घातली की सभासदत्व आपोआप जन्माने ठरते. त्या एका पायरीवरून ते आपल्या मुख्य विधानाकडे जातात : जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे.

या रीतीने मला दोन गोष्टी शिकवल्या. टीका करायची तर समोरच्याच्या सर्वांत बळकट म्हणण्यावर करावी, कारण दुबळे म्हणणे पाडून आपले काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांनी पूर्वपक्ष आधी मांडण्याची शिस्त पाळली ती याचसाठी. दुसरी गोष्ट त्या निबंधाच्या शेवटी आहे. आपली उपपत्ती टिकत नाही असे कोणी दाखवून दिले तर ती सोडायला आपण तयार आहोत, असे बाबासाहेब तिथे सांगतात. ज्याच्यासाठी जात हा पोळणारा अनुभव होता, त्याने जातीविषयीचे आपले विधान तपासणीसाठी खुले ठेवले. पोटतिडीक आणि पुरावा यांत निवड करावी लागते असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

यानंतर तळटिपांचा अर्थ माझ्यासाठी बदलला. पहिल्यांदा त्या नियम म्हणून येतात : लेखकाचे नाव, ग्रंथ, प्रकाशन, साल, पृष्ठ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे साम्य वाढेल तसा दंड वाढत जातो. चोरी थांबावी म्हणून अशी मोजणी हवीच. तरी टक्के केवळ शब्द मोजतात. तळटीप त्याहून मोठे काम करते. मी जिथून पाणी प्याले तो झरा ती वाचकाला दाखवते, म्हणजे पाणी गढूळ वाटले तर त्याला स्वतः तिथवर जाता येते. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये काढला आणि पुढेही गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी नाकारले. नाकारता आले, कारण कागद त्यांनी छापून सर्वांपुढे ठेवले होते. लेखकाचे मत मागे पडले तरी त्याचे काम कसे टिकते, ते इथे दिसते.

शब्दही मग जपून येऊ लागतात. 'सिद्ध होते', 'दिसते', 'संभवते', 'असे म्हणण्यास आधार नाही' या चार शब्दयोजनांत किती अंतर आहे, हे आधी जाणवत नव्हते. पुराव्यापेक्षा अधिक बोलले तर ती फसवणूक होते आणि पुरावा असून पुटपुटत राहिले तर वाचकाचा वेळ जातो. जेवढे हाताशी आहे तेवढेच, पण ठामपणे सांगायचे. प्रस्तावना शेवटी लिहायची, कारण निबंध कुठे पोचला हे तोवर आपल्यालाच नेमके कळलेले नसते.

आणि इथे मला पुन्हा त्या जाळलेल्या खतांकडे यावे लागते, कारण माझ्या निबंधाचे उत्तर आणि लेखनाविषयीचे माझे मत एकाच जागी येऊन मिळाले. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षेच ग्राह्य धरले जाई. हेतू व्याजाची रास वाढू नये हा होता. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घ्यायला सुरुवात केली, थकलेले व्याज मुद्दलात मिळवले आणि त्या आकड्यावर पुन्हा व्याज लावले. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. काय लिहिले आहे ते न कळताच तो अंगठा उठवत असे. अहमदनगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने कलेक्टरला केलेला एक अर्ज आयोगाच्या कागदांत आहे. सावकार धान्य आणि कापड चढ्या भावाने उधार देतात, शेतातला माल घेऊन जातात, खात्यात जमा करत नाहीत आणि पावती देत नाहीत, अशी त्यात तक्रार आहे. पावती मागणे म्हणजे लिहिलेले ताडून पाहण्याचा हक्क मागणे. तो हक्क नाकारला गेला, म्हणून कागद हाच जुलमाचा चेहरा ठरला आणि लोकांनी तो जाळला. दंगे किती मोठे होते याच्याशी या अर्थाचा संबंध नाही, असे विधान मी निबंधात केले.

ज्याला उत्तर द्यायचे त्याला वाचताच येत नाही, ज्याचा हिशेब तपासताच येत नाही, असे लिहिणे म्हणजे सत्ता गाजवणे. अभ्यासाच्या निबंधाचे सगळे नियम याच्या उलट टोकाला उभे आहेत : विधान स्पष्ट करा, आधार दाखवा, विरोधी मत लपवू नका, वाचकाला पडताळता येईल असे लिहा. जे नियम मला आधी परीक्षकाच्या समाधानासाठी केलेले वाटत, ते मला आता वाचकाच्या हक्कासाठी केलेले वाटतात.

म्हणून हे लेखन मराठीत झाले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. मिरजगावच्या रयतेचे गाऱ्हाणे अहवालात वाचताना ते इंग्रजीतून वाचावे लागते. त्या गावांतून आज शिकायला येणाऱ्या मुलामुलींना आपल्याच भागाच्या इतिहासावर कोण काय म्हणाले आणि कोणी त्याला काय उत्तर दिले, हे मराठीत वाचायला मिळाले पाहिजे, त्यावर 'कशावरून?' असे मराठीत विचारता आले पाहिजे. त्यासाठी एम.ए.ची वाट पाहण्याचे कारण नाही. नववीच्या वर्गात 'वृक्षतोड : एक समस्या' या विषयाऐवजी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या रस्त्यासाठी झाडे तोडावीत की नाहीत, यावरची दोन परस्परविरोधी पत्रे द्यावीत. दोन्ही बाजूंचे सर्वांत चांगले म्हणणे आधी लिहायला सांगावे, मग स्वतःचे मत आणि त्याचा आधार. चौदा वर्षांच्या मुलीला हे जमते. आणि ज्या मुलीला स्वतःच्या मताचा आधार दाखवता येतो, ती उद्या तिच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक कागदाकडे आधार मागेल, सही करण्याआधी.