न कळण्याची साक्ष

बालपणाचे आत्मकथन वाचकाला हेलावून टाकते, ते त्यातील दुःखाच्या प्रमाणात टाकते असे नाही. मुलाला घडणाऱ्या गोष्टीचा अर्थ उमगलेला नसतो, लिहिणाऱ्या प्रौढाला तो कळून चुकलेला असतो. हे अंतर लेखकाने भाष्याने न भरता तसेच राहू दिले, तर ते भरण्याचे काम वाचकाकडे येते आणि या कामातूनच भावना जागी होते.

1954 साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेले नयनतारा सहगल यांचे ‘प्रिझन अँड चॉकलेट केक’ हे याचे ठळक उदाहरण होय. जवाहरलाल नेहरूंची ही भाची सुमारे तीन वर्षांची असताना चहाच्या वेळी एरवी न मिळणारा चॉकलेट केक पुढे आला आणि त्याच वेळी पोलीस वडिलांना अटक करण्यासाठी घरी आले. त्यामुळे तिच्या मनात तुरुंग आणि केक यांची सांगड बसली. ते वडील, मूळच्या मराठी घराण्यातले आणि ‘राजतरंगिणी’चा इंग्रजी अनुवाद करणारे रणजित सीताराम पंडित, पुढे पुन्हा तुरुंगवास भोगून जानेवारी 1944 मध्ये निवर्तले. हे ठाऊक असलेल्या वाचकाला तो केक गोड लागत नाही.

अशा अनुभवाला भारतीय काव्यशास्त्रात भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची कल्पना लागू पडते. भाव हा विशिष्ट व्यक्ती, स्थळ व काळ यांच्या बंधनातून सुटून कोणाही सहृदयाला आस्वादता येण्याजोगा होतो, असा तिचा आशय आहे. नेहरूंच्या घरातले, आनंदभवनातले बालपण कापसाच्या मुलखातल्या वाचकालाही आपले वाटू शकते, ते यामुळेच. मात्र या कल्पनेत एक धोका आहे: विशिष्टता गळून पडताना, कोणाच्या बालपणाला लेखणी लाभली आणि कोणाच्या नाही, हा प्रश्नही नकळत गळून पडतो.

कापसाच्या मुलखातलाच यवतमाळ जिल्हा हा प्रश्न विसरू देत नाही. जुलै 1930 मध्ये वणीचे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी या जिल्ह्यातल्या पुसद येथे राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला, अर्थात वनकायद्याचा उघड भंग केला, आणि ते व त्यांच्यामागून अनेक सत्याग्रही तुरुंगात गेले. सहगल तेव्हा तीन वर्षांच्या होत्या. त्या सत्याग्रहींच्या घरीही बाप कुठे गेला हे न कळलेली तेवढ्याच वयाची मुले असणार, पण त्यांच्या आठवणी ग्रंथरूपाने जगापुढे येण्याची शक्यता फारच थोडी होती.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला भरलेल्या 92व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी सहगल यांना बोलावण्यात आले होते. त्या इंग्रजीत लिहितात म्हणून विरोध झाला, तेव्हा आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. नंतर उद्घाटनाचा मान शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार सावरणाऱ्या, याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांना मिळाला. येडे यांचे बोलणे ऐकले गेले हे मोलाचे असले, तरी त्याने सहगल यांना नाकारण्याचे समर्थन होत नाही, कारण एका आवाजाला जागा देण्यासाठी दुसरा बंद करावा लागतो हे गृहीतच चुकीचे आहे. आत्मकथनाने हेलावलेल्या वाचकाकडून दोन्ही अपेक्षित आहे: परक्या घरातले बालपण आपलेसे करणे आणि आपल्याच गावातली न लिहिली गेलेली बालपणे जाऊन विचारणे. पहिले साधले आणि दुसरे राहिले, तर ती हळहळ आस्वादापाशीच थांबते.