बघणारा देव, बघणारं गिऱ्हाईक

दशावतारात पायपेटी वाजवणाऱ्याची एक सोय असते. त्याला खेळही दिसतो आणि खेळ बघणारेही. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रांत पहाटे तीनला अर्धा गाव चटईवर घोरत असतो, खाज्याची दुकानं पेंगलेली, आणि आमचा राजा नुकता कुठे युद्धाला निघालेला. कोणी बघत नाही म्हणून एकाही राजपार्ट्यानं तलवार आवरती घेतली नाही. खेळ देवासमोर चाललेला असतो, आणि देवाला घरी जायची घाई नसते. शेवटचा दहीकाला होईपर्यंत उभं राहायचं, बस.

तोच खेळ मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात लागतो. आमचा स्त्रीपार्टी रंगमंचावर पाय ठेवण्याआधी हात जोडतो आणि थबकतो. "बुवा, हंय देव खंय बसता?" तो चेष्टा करत नसतो. देवळात गाभारा कुठल्या अंगाला आहे हे त्याला डोळे मिटूनही कळतं.

उत्तर भरतमुनींनी देऊन ठेवलंय. नाट्यशास्त्रात विश्वकर्म्यानं बांधलेल्या नाट्यगृहाच्या खांबांना, दाराला देव राखणीला बसवलेले आहेत, आणि रंगपूजेशिवाय खेळ करू नये अशी ताकीदही आहे. पण माझं समाधान होत नाही. राखण करणारा देव वेगळा आणि ज्याच्यासाठी खेळ करायचा तो देव वेगळा. नाट्यगृहात या दुसऱ्याची जागा तिकीट काढणाऱ्यानं घेतली, आणि त्याला दहाच्या आत जेवायचं असतं.

मग कात्री लागते ती आडदशावताराला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगाला. रिद्धी-सिद्धीसह येणारा गणपती, भटजीची पूजा, सरस्वती, वेद पळवणारा काळा संकासुर, त्याला मारणारा विष्णू, सगळं दहा मिनिटांत गुंडाळायचं किंवा गाळायचंच. थेट आख्यान. ज्या भागामुळे हा खेळ देवाचा, तोच वेळखाऊ!

तरी नाट्यगृहाला मी नावं ठेवणार नाही. देवाच्या मांडवात कोणी कुठे बसायचं हे जन्मावरून ठरत असे. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर सगळ्या जातींसाठी उघडलं ते १९३१ साली. बाकीच्या देवळांनी किती वेळ घेतला ते आपण जाणतोच. उलट नाट्यशास्त्र सांगतं, नाट्य हा पाचवा वेद झाला तो सर्व वर्णांसाठी, कारण आधीचे चार शूद्रांच्या कानावर पडू देत नसत. जात न विचारता पुढची खुर्ची देणारी तिकीट-खिडकी या बाबतीत भरताला देवळापेक्षा जवळची, असं मी मानतो. कंटाळणारं गिऱ्हाईक परवडलं.

म्हणून तर ती कात्री जास्त खुपते. ज्याच्या आज्यानं हा खेळ मांडवाबाहेरून, माणसांच्या पाठींआडून बघितला, तो नातू आता तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि नेमकं त्याच्यासमोर आम्ही गणपती-सरस्वती गाळतो. वेळच वाचवायचा असेल तर आख्यानातली लढाई कापा. राजपार्टी रुसेल. त्याचं मी बघून घेईन.