पडला की पाडला?

आमच्या घरात आजवर एकही कप कोणी फोडलेला नाही. कप फुटतात. बशा फुटतात, चष्म्याच्या काड्या मोडतात, छत्र्या हरवतात, दूध उतू जाते. या सगळ्या वस्तू आपापल्या मर्जीने हे उद्योग करीत असतात आणि माणसे नुसती शेजारी उभी असतात. मराठी भाषेचे हे आपल्यावर थोर उपकार आहेत. पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या तिने लावून ठेवल्या आणि त्यातले कुठले उचलायचे ते आपल्यावर सोडले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. ते वाचलेली माणसे थोडी असतील, पण अकर्मक क्रियापद शाळेत प्रत्येकाने घोकलेले असते. ज्याला कर्म नाही ते अकर्मक. म्हणजे ‘पडला’ म्हटले की त्यात माझे काही कर्म नाही, असा सोयीस्कर अर्थ मी वर्षानुवर्षे लावत आलो. एका श्रावणात तो मला महाग पडला.

झाले असे की पावसाने आमच्या नारायण पेठेतल्या जुन्या घराचे पुढचे दार फुगले. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि रुंदीत वाढते. उंचीत फारसा फरक पडत नाही. (चाळिशीनंतर माणसाचेही तेच होते, पण त्याला रंधा मारता येत नाही.) दार चौकटीत इतके घट्ट बसू लागले की पाहुणे आत येताना खांद्याने येत. शेवटी भवानी पेठेच्या लाकूडबाजारामागे राहणाऱ्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्री आले ते हत्यारांची पेटी आणि ती वाहणारा चौदा-पंधरा वर्षांचा भाचा घेऊन. पेटीत करवत, पटाश्या, गुण्या, गिरमिट आणि दोन रंधे. एक लाकडी, दुसरा लोखंडी. लोखंडी रंधा शेफील्डचा. मिस्त्रींच्या वडिलांनी तो जुन्या बाजारातून घेतला होता आणि दोन पिढ्यांच्या तळहातांनी त्याची मूठ पेढेघाटी पाटासारखी गुळगुळीत झाली होती. मिस्त्री तो कधी तळावर उभा ठेवत नसत. धार बोथटू नये म्हणून कुशीवर निजवत. आम्ही घरात तान्ह्या मुलांनासुद्धा इतके जपून निजवल्याचे मला आठवत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी भाच्याला एक धडा दिला, तो मीही ऐकला. “पटाशी हातातनं निसटली तर झेलायची न्हाई. पाय मागं घ्यायचा आणि पडू द्यायची. तिचं पोलाद जड, मूठ हलकी. ती पात्यावरच येती. पटाशी दुसरी मिळंल, बोटं मिळायची न्हाईत.”

संध्याकाळी निम्मे दार झाले आणि मिस्त्री म्हणाले, “उद्या येतो साहेब. हत्यारं इथंच राहू द्या.”

आता खरे सांगायचे तर मी त्यांना दिवसभर पाहत होतो. रंधा ‘सुर्र’ करून पुढे जायचा आणि तोंडातून सागाची पातळ, कुरळी साल उलगडत यायची. पाहताना ते काम इतके सोपे दिसत होते की ते आपल्याला येत असणार, याबद्दल माझी खात्रीच पटली. जेवणानंतर मी तो रंधा काढला. दोन हात मारले. एक चतकोर साल निघाली. ती हिला दाखवावी म्हणून मी रंधा स्टुलावर ठेवला. आमचे स्टूल तीन पायांवर उभे राहते आणि चौथ्यावर विचार करते.

मी वळलो आणि मागे ‘खट्’ असा आवाज झाला. शहाबादी फरशीवर लोखंड पडले की खणखणीत वाजायला हवे. हा आवाज बसक्या गळ्याचा होता.

लोखंड म्हणतो खरे, पण रंध्याचे अंग असते ओतीव, म्हणजे बिडाचे. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो आणि त्यातला पुष्कळसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाब कितीही सोसते. आपटणे सोसत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वचन अक्षरशः पाळणारा हा धातू आहे. शिवाय पाते बाहेर येण्यासाठी रंध्याचा तळ तोंडापाशी कापलेला असतो आणि नेमका तिथेच तो नाजूक असतो. तोंडाच्या एका बाजूला केसाएवढी चीर गेली होती. मी घाबरून तेलाचा हात फिरवला. आणि काय सांगू, चीर नाहीशी झाली! एका थेंबात मी निर्दोष झालो होतो.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी खरोखरच आले असते तर मी सगळे कबूल करून मोकळा झालो असतो. पण सुताराचा ‘उद्या’ चार दिवसांनी उगवतो. माणसाला बेइमान व्हायला चार दिवस पुष्कळ झाले.

पहिल्या रात्री ही म्हणाली, “काय पडलं?”

“रंधा पडला.”

“पडला की पाडला?”

या बायकोला व्याकरण कोणी शिकवले, असे मनात म्हणत मी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी एका वकील मित्राला गाठले. त्याने १८७२ चा करार कायदा काढला. “कलम १५१. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असेल तर सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या तशाच वस्तूची घेतली असती तेवढी काळजी घ्यायची. तेवढी घेतली असलीस तर तू सुटलास.” मला एकदम कायद्याविषयी आदर वाटू लागला. माझ्या स्वतःच्या वस्तूही मी त्याच स्टुलावर ठेवतो! पण मित्राने पान उलटले. “थांब. त्यांनी रंधा ठेवायला दिला होता की वापरायला?” मी गप्प. “मग कलम १५४. परवानगी नसताना वापरलास, तर वापरताना झालेलं नुकसान तुझ्या डोक्यावर.” माझा आदर लगेच ओसरला.

तिसऱ्या दिवशी मी इतिहासाकडे वळलो. प्राचीन अथेन्समध्ये एका उत्सवात बैलाचा बळी देत आणि मग या हत्येबद्दल रीतसर खटला भरत. पाणी आणणाऱ्या मुली धार लावणाऱ्यांकडे बोट दाखवत, धार लावणारे हत्यार हाती देणाऱ्याकडे, तो मारणाऱ्याकडे आणि मारणारा सुरीकडे. सुरीला बोलता येत नसल्याने ती दोषी ठरे आणि तिला समुद्रात फेकून देत. मला हे ग्रीक फार जवळचे वाटले. माझ्या खटल्यात स्टूल होते, फरशी होती, बीड ओतणारा शेफील्डचा कारागीर होता आणि दार फुगवणारा वरुणराजाही होता. इतके आरोपी असताना माझ्यापर्यंत पाळी येण्याचे काही कारणच नव्हते. फक्त पुण्याला समुद्र नाही, आणि मुठेत आधीच इतके टाकलेले असते.

चौथ्या दिवशी मिस्त्री आले. मामांच्या मागे पेटीशी भाचा. मी वाक्य पाठ करून ठेवले होते : ‘मिस्त्री, जरा रंधा बघून घ्या हं, मधे स्टूल हललं होतं.’ त्यात खोटे काहीच नव्हते. मिस्त्रींनी रंधा उचलला, मूठ पकडली, आणि माझ्या तोंडून भलतेच बाहेर पडले.

“मिस्त्री, तो मी पाडला. तुम्हाला न विचारता चालवत होतो. तोंडाशी चीर गेलीय. वरून तेल लावलंय मी.”

मिस्त्रींनी आधी रंध्याकडे पाहिलेच नाही. माझ्या पायांकडे पाहिले.

“पायावर न्हाई ना आला?”

“नाही.”

मग त्यांनी फडक्याने तेल पुसले, नखाने चीर चाचपली, हातोडीच्या दांड्याने रंध्याला टिचकी दिली. तोच बसका आवाज. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “बरं झालं बोललात. म्या याला फोडून काढला असता. गेल्या महिन्यात यानं एक पटाशी पाडली. हे बी त्याच्याच नावावर गेलं असतं.”

मी त्या पोराकडे पाहिले. तो माझ्याकडेच पाहत होता.

चार दिवस मी बायको, वकील आणि ग्रीक लोक यांच्यासह विचार केला होता. त्यात मी होतो, मिस्त्री होते, स्टूल होते. हा मुलगा एकदाही आला नव्हता. मी समजत होतो, दोष कोणी उचलला नाही की तो फरशीवर तसाच पडून राहतो आणि केर काढताना निघून जातो. तसे होत नाही. आपण ठेवून दिलेला दोष घरातल्या सगळ्यांत लहान हातात आपोआप जातो. ‘पडला’ हे क्रियापद अकर्मक खरे, पण त्याची भरपाई कोणाच्या तरी पाठीला सकर्मक करावी लागते.

रंधा पितळेने जोडून घेतला. बीड हळूहळू तापवावे लागते आणि त्याहून हळू निववावे लागते, नाही तर शेजारी नवी चीर जाते. एवढे करूनही तापल्यामुळे तळ वाकडा झालाच. तो सपाट करायला मिस्त्री काचेवर पॉलिश कागद पसरून दोन दिवस घासत बसले. जोडण्याचे पैसे आणि दोन दिवसांची मजुरी मी दिली. त्यांनी ती मोजून घेतली. “राहू द्या साहेब” वगैरे काही म्हणाले नाहीत. मला ते आवडले. माफी फुकट मिळाली असती तर मी ती विसरून गेलो असतो.

पुढच्या श्रावणात दार पुन्हा फुगले. मिस्त्री आले, निम्मे काम करून उठले. शेफील्डचा रंधा पितळेची बारीक पिवळी रेघ मिरवत पेटीत गेला आणि पेटीला कुलूप लागले. लाकडी रंधा मात्र त्यांनी बाहेर काढून माझ्यापुढे ठेवला.

“हौस असंल तर ह्यो घ्या. लाकडाचा हाय. पडला तरी चालंल.”

पेटी डोक्यावर घेता घेता भाचा पुटपुटला, “पाडला तरी.”